तिसऱ्या दिवशीची आग : संबंधांनंतर उठणाऱ्या लालीचं एक प्रकरण

"दार लावू का?" हा त्याचा पहिला प्रश्न. दार लावल्यावरही तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खिशातून मलमाच्या चार ट्यूब काढून त्याने टेबलावर ओळीने मांडल्या. "हे सगळं लावून झालंय, डॉक्टर. लावलं की बरं वाटतं. संबंध आले की परत तेच."

वय ३४, लग्नाला सहा वर्षं, दोन मुलं. तक्रार पाच महिन्यांची. संबंधांनंतर शिश्नाच्या टोकावर (शिश्नमुंडावर) आणि त्यावरच्या कातडीच्या (अग्रत्वचेच्या) आतल्या बाजूला लाली, खाज, आग. कधी बारीक चिरा पडायच्या आणि लघवी करताना चुरचुरायचं. चार-पाच दिवसांनी जोर ओसरायचा, मग कातडीचे पापुद्रे सुटायचे आणि आठवड्याभरात जागा जवळपास पूर्ववत व्हायची. पुढच्या संबंधांपर्यंत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याला त्याची आणि त्याच्या बायकोची, दोघांचीही संमती आहे.)

टेबलावरच्या चार ट्यूबपैकी एक साधं बुरशीवरचं मलम होतं, एक जंतूंवरचं. उरलेल्या दोन मिश्रणाच्या होत्या : जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच नळीत. या मिश्रणांनी पहिल्या दोन दिवसांत हमखास आराम पडतो, कारण स्टिरॉइड कसलीही लाली दाबतं. मूळ कारण बुरशी असो, ॲलर्जी असो की आणखी काही, ते तसंच खाली राहतं. शिवाय या भागातली कातडी औषध फार भराभर शोषते. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड शरीरावर कुठे किती शोषलं जातं याचा एक अभ्यास १९६७ साली झाला होता. त्यात कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीच्या तुलनेत वृषणाच्या कातडीतून सुमारे ४२ पट औषध आत गेल्याचं दिसलं. इथे जोरदार स्टिरॉइड महिनोन् महिने लावलं, तर कातडी पातळ होते आणि मलम थांबवताच जास्तच भडकते. म्हणून या ट्यूब पाहिल्या की मला काळजी वाटते.

त्याची खरी काळजी वेगळी होती. ती त्याने मोठ्याने विचारली नाही, खाली बघत विचारली. "हा गुप्तरोग आहे का? आणि असला, तर तो आला कुठून?" गेला महिनाभर दोघं वेगळ्या खोल्यांत झोपत होते. तिने कारण विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. या तक्रारीत कातडीपेक्षा हे नुकसान मला नेहमी मोठं वाटत आलं आहे, आणि म्हणूनच पहिल्या भेटीत घाईने नाव देण्याचं मी टाळतो.

पहिली भेट : जे दिसलं

तपासणीत शिश्नमुंडावर, त्याच्या कडेला आणि अग्रत्वचेच्या आतल्या बाजूला पसरट लाली होती. जागा किंचित सुजलेली, काही ठिकाणी बारीक पापुद्रे. जखम नव्हती, पाण्याचे फोड नव्हते, दह्यासारखा पांढरा थर नव्हता. मूत्रमार्गातून स्राव नव्हता आणि जांघेतल्या गाठी सुजलेल्या नव्हत्या. अग्रत्वचा सहज मागे जात होती. वृषण आणि जांघा स्वच्छ होत्या, म्हणजे खरूज किंवा गजकर्णाची खूण नव्हती.

मग मी त्याचे कोपर, गुडघे, नखं, डोक्याची कातडी आणि तोंडाची आतली बाजू पाहिली. तो गोंधळला. "तिथे काही नाहीये हो." पण सोरायसिस आणि लायकेन प्लेनस हे कातडीचे जुनाट आजार शिश्नावर दिसतात, तेव्हा त्यांचे साक्षीदार बऱ्याचदा कोपरावर, नखांत किंवा गालाच्या आत सापडतात. फक्त तक्रारीच्या जागेकडे पाहणारा डॉक्टर इथे फसतो. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. लहानपणी दमा होता आणि कातडी मुळातच कोरडी.

तपासण्या सांगितल्या : कातडीचा खरवडा बुरशीसाठी, रक्तातली साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, आणि गोनोरिया-क्लॅमिडियासाठी लघवीची चाचणी. यादी पाहून त्याचा चेहरा उतरला. या तपासण्या म्हणजे संशय नव्हे, हे इथे स्पष्ट बोलावं लागतं. लैंगिक संबंधांशी जोडलेली तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या सांगतो. अहवाल स्वच्छ आला, तर उरलेला शोध भीतीशिवाय करता येतो. साखरेची तपासणी तर हमखास करावी, कारण वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग हीच काही पुरुषांत मधुमेहाची पहिली खूण असते. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्यांनाही हा त्रास जास्त होतो.

त्याचे सगळे अहवाल स्वच्छ आले. एचबीए१सी ५.६.

मग मी विचारलं, "धुता कशाने?" उत्तर ऐकून मला वाटलं, कारण सापडलं. दिवसातून तीन-चार वेळा साबण आणि संबंधांनंतर लगेच जंतुनाशक द्रव. तोही पाण्यात अंदाजाने ओतलेला. "जितका जळजळतो तितका साफ करतो असं वाटायचं," तो म्हणाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण संबंधांनंतरच्या अशा लालीचं हे फार मोठं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. शिश्नमुंडावर आणि अग्रत्वचेच्या आत तळहातासारखा जाड थर नसतो. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, तिचा पीएच ५ च्या आसपास. वडीच्या साबणाचा पीएच सहसा ९ ते १० असतो. साबण वारंवार लागला की कातडीतला स्निग्ध अंश निघून जातो. त्यात साबणाचा अंश अग्रत्वचेखाली अडकून राहिला, तर तो तासन् तास काम करत राहतो. आग झाली की माणसाला वाटतं जंतू आहेत, म्हणून तो अधिक धुतो आणि आग वाढते. १९९३ साली ब्रिटनमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार होणाऱ्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या बॅलनायटिसच्या, म्हणजे शिश्नमुंडाच्या दाहाच्या ४३ रुग्णांपैकी ३१ जणांचं, म्हणजे ७२ टक्क्यांचं निदान अखेर प्रक्षोभक त्वचादाह, म्हणजे साबणासारख्या गोष्टींनी कातडी चिडून होणारा दाह, असं निघालं. हे लोक इतरांपेक्षा जास्त वेळा साबणाने धूत होते आणि त्यांच्यात दमा, इसब अशा ॲलर्जीच्या प्रवृत्तीचं प्रमाणही जास्त होतं. माझ्यासमोर बसलेला माणूस या वर्णनात नेमका बसत होता.

मी चारही ट्यूब बंद केल्या. साबण आणि जंतुनाशक बंद. दिवसातून एकदा नुसतं कोमट पाणी, हळुवार टिपून कोरडं करणं, पातळ थराने व्हॅसलिन आणि दहा दिवस सौम्य, एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन. जागा भरेपर्यंत संबंध नकोत. दोन आठवड्यांनी तो आला तेव्हा कातडी जवळजवळ स्वच्छ होती. त्याच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांत न आलेलं हसू होतं.

त्या पहिल्या भेटीत त्याने एक वाक्य उच्चारलं होतं. "एकदा मात्र काहीच झालं नाही. का, ते कळलं नाही." मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

दुसरी भेट : घड्याळ काय सांगतं

तीन आठवड्यांनी फोन आला. संबंध आले होते, नंतर फक्त पाणी वापरलं होतं आणि तरीही तेच झालं होतं. माझं निदान खोटं नव्हतं, अपुरं होतं. धुण्याने आगीत तेल पडत होतं, पण काडी कुणीतरी दुसराच लावत होता.

या वेळी मी त्याला कागद दिला आणि तास लिहायला सांगितले. संबंध केव्हा, पहिली खाज केव्हा, सगळ्यात वाईट अवस्था केव्हा, ओसरलं केव्हा. "झाल्यावर होतं" या शब्दांत दोन मिनिटंही येतात आणि बारा दिवसही येतात, आणि निदानाचा अर्धा भाग त्या फरकात दडलेला असतो.

काही मिनिटांत ते तासाभरात खाज सुटली, गांधी उठल्या, सूज आली, तर लॅटेक्सची तात्काळ ॲलर्जी मनात येते. रबराचे फुगे किंवा हातमोजे लागले की ओठ सुजणं, शिंका येणं असा इतिहास असेल तर संशय बळावतो. अशा माणसाला श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ती आणीबाणी समजायची. नंतर त्याने लॅटेक्सऐवजी पॉलियुरेथेनचे किंवा पॉलिआयसोप्रीनचे कंडोम वापरायचे. मेंढीच्या आतड्याचे कंडोम लॅटेक्सचे नसतात, पण ते एचआयव्हीसारख्या विषाणूंना अडवत नाहीत, म्हणून तो पर्याय नव्हे.

संबंध चालू असताना किंवा लगेच नंतर आग आणि ओरखडल्यासारखं वाटणं हे बहुतेक वेळा घर्षणाचं काम. ओलावा कमी, वेळ जास्त, किंवा खालच्या बाजूची ती बारीक दोरी, फ्रेन्युलम, ताणून फाटलेली. जोडीदाराला बुरशीचा संसर्ग असेल, तर काही पुरुषांना संबंधांनंतर थोड्याच तासांत लाली आणि खाज येऊन आपोआप ओसरते. जागेवर बुरशी वाढलेलीच नसते, तिच्याविरुद्ध कातडीने तेवढ्यापुरता राग काढलेला असतो. खरा बुरशीचा संसर्ग मात्र एक-दोन दिवसांत वाढतो : लाल ठिपके, खाज, कधी पांढरट थर.

साधारण दोन ते बारा दिवसांनी पाण्याचे बारीक फोड घोळक्याने आले, आधी मुंग्या आल्यासारखं किंवा टोचल्यासारखं वाटलं, मग ते फुटून दुखऱ्या जखमा झाल्या, तर हर्पिसचा विचार करायचा. न दुखणारी, कडक बुडाची एकटी जखम सिफिलिसची असू शकते. ती सहसा तीन आठवड्यांच्या आसपास उठते आणि औषध न घेताही भरते, म्हणून माणूस सुटलो असं समजतो. आजार आत चालू राहतो. लघवीला आग आणि मूत्रमार्गातून स्राव असेल, तर त्रास कातडीचा नसून नळीचा आहे. गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनस यांच्या चाचण्या कराव्या लागतात आणि उपचार दोघांना घ्यावे लागतात.

त्याच्या कागदावर लिहिलं होतं : पहिली खाज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सगळ्यात वाईट तिसऱ्या दिवशी. दर वेळी तसंच.

एक दिवस ते तीन दिवस हा उशिराच्या ॲलर्जीचा ठसा आहे. कातडीला कधीतरी एखाद्या रसायनाची ओळख होते. पुढे ते रसायन पुन्हा लागलं की प्रतिकारशक्तीच्या टी पेशी जागेवर गोळा व्हायला तेवढा वेळ घेतात. म्हणूनच कारण आणि परिणाम यांचा धागा रुग्णाच्या हातातून निसटतो. तिसऱ्या दिवशी आग झाली की तो तिसऱ्या दिवशीचं काहीतरी आठवत बसतो.

कंडोममध्ये असं रसायन असू शकतं. रबर घट्ट करण्यासाठी थायुराम, कार्बामेट ही द्रव्यं वापरतात. वंगणात प्रोपिलीन ग्लायकॉल, सुगंध, टिकवण्याची द्रव्यं असतात. काहींवर शुक्राणूनाशक नॉनऑक्सिनॉल-९ असतं. ते वारंवार वापरल्यास नाजूक कातडी सोलवटते हे आता पक्कं ठाऊक आहे, आणि एचआयव्हीपासून ते वाचवतही नाही. म्हणून मी ते कुणालाच सुचवत नाही.

पण त्याने मान हलवली. "दोनदा कंडोम नव्हता. तरी झालं."

मग दुसऱ्याकडून येणारं काही? जोडीदाराने लावलेलं योनीतलं मलम, सुगंधी द्रव, अत्तर, हे सगळं संबंधांत एका कातडीवरून दुसऱ्या कातडीवर जातं आणि लावणाऱ्याला काही न होता दुसऱ्याला पुरळ उठू शकतं. तिला काही त्रास आहे का, ती काही वापरते का, हे त्याला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी दोघं या, असं मी सांगितलं.

तिसरी भेट : एक साधं वाक्य

ती आली. शांत, थोडी थकलेली. काहीही वापरत नव्हती, मलम नाही, धुण्याचं द्रव नाही. खाज नाही, स्राव नाही. मी विचारलं, "संबंधांच्या वेळी किंवा नंतर काही वेगळं जाणवतं?"

ती जरा थांबली. "वेगळं म्हणजे... मध्ये मध्ये मला बधिर वाटायचं. थोडा वेळ. मला वाटलं माझंच काहीतरी असेल."

त्याने खिडकीकडे पाहिलं. तेवढं पुरेसं होतं.

तिथे पुढचा प्रश्न विचारणं मला सोपं होतं आणि विचारणं चूक ठरलं असतं. ती गोष्ट त्याची होती, आणि ती बायकोसमोर डॉक्टरच्या तोंडून बाहेर पडणं म्हणजे वेगळीच जखम. तपासणीसाठी त्याला एकट्याला आत घेतो, असं मी म्हणालो.

पडद्याआड त्याने सांगितलं. सहा-सात महिन्यांपासून तो 'टायमिंग वाढवण्याचा' स्प्रे मारत होता. शीघ्रपतनाची काळजी लग्नापासूनची, पण दुसऱ्या बाळंतपणानंतर बऱ्याच महिन्यांनी संबंध सुरू झाले तेव्हा ती जास्त टोचू लागली. स्प्रे कपाटात मागे ठेवलेला. "औषध घेता का, असं तुम्ही विचारलंत. हे औषध आहे असं मला वाटलंच नाही." आणि ती एक वेळ, जेव्हा काहीच झालं नव्हतं? त्या रात्री बाटली संपली होती.

पहिल्या भेटीतलं माझं लिहून ठेवलेलं वाक्य हेच सांगत होतं. आता मी प्रश्न बदलला आहे. 'काही औषध घेता का?' असं न विचारता मी म्हणतो, "संबंधांच्या आधीच्या दोन तासांत आणि नंतरच्या दोन दिवसांत त्या कातडीला काय काय लागतं, पाण्यापासून सांगा. तेल, जेल, स्प्रे, गोळी, पुसायचा ओला कागद, सगळं. बरेच जण वापरतात." शेवटची तीन शब्दांची भर फार कामाची आहे.

त्याने बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवला. बधिर करणारं द्रव्य होतं बेंझोकेन. काही 'डिले' कंडोमच्या आतल्या वंगणातही हेच असतं, हे पाकिटावर बारीक अक्षरांत सापडतं. बेंझोकेन कातडीतल्या नसांकडून जाणारा संदेश थोड्या वेळासाठी अडवतं. पण जिथे ते अडवतं तिथे घर्षणाची जाणीवही जाते, म्हणून कातडी घासून निघाली तरी कळत नाही. आणि ते जोडीदारालाही लागतं. तिचं बधिरपण तिथून होतं. शिवाय कातडीवर लावायच्या बधिरीकरणाच्या द्रव्यांत ॲलर्जीसाठी बेंझोकेन सर्वांत कुप्रसिद्ध आहे.

तेव्हा मी त्याच्या दाढीकडे पाहिलं. कानशिलाजवळ पांढऱ्या केसांचे बरेच पट्टे. "केस रंगवत नाही?" "रंगवायचो. दोन वर्षांपूर्वी कपाळ आणि कान सुजले, तेव्हापासून सोडलं."

केसांच्या काळ्या रंगात पॅराफिनिलीनडायअमीन असतं. त्याची आणि बेंझोकेनची रासायनिक घडण एका बाजूने सारखी आहे, त्यामुळे एकाची ॲलर्जी झालेल्या कातडीला दुसरं ओळखीचं वाटू शकतं. केसांच्या रंगाने जागी झालेली प्रतिकारशक्ती दोन वर्षांनी स्प्रेवर उलटली, असा अंदाज बांधता येत होता. अंदाजावर मात्र थांबायचं नव्हतं.

पॅच टेस्ट केली. पाठीवर संशयित द्रव्यांचे ठरावीक तीव्रतेचे छोटे ठिपके चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा वाचतात. दुसरं वाचन चुकवू नये, कारण उशिराची ॲलर्जी कधी कधी तेव्हाच स्पष्ट होते. रबराची द्रव्यं, सुगंध, टिकवण्याची द्रव्यं : पाठ स्वच्छ. बेंझोकेन ५ टक्के आणि पॅराफिनिलीनडायअमीन १ टक्का या दोन जागांवर लाल, उंचवटलेले, बारीक फोडांचे ठिपके. त्याने आरशात पाठ पाहिली आणि म्हणाला, "हे तर तसंच दिसतंय."

आणखी एक संशयित

एका शक्यतेबद्दल वेगळं लिहितो, कारण ती याच वेषात येते आणि वर्षानुवर्षं चुकते. गोळीने उठणारा चट्टा. काहींना विशिष्ट गोळी घेतली की अर्ध्या तासापासून एका दिवसाच्या आत दर वेळी त्याच जागी गोल, गडद लाल, जळजळणारा डाग उठतो, कधी फोड होऊन सोलवटतो आणि मागे काळपट खूण राहते. शिश्नमुंड ही त्याची आवडती जागा. कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉल, बुरशीवरचं फ्लुकोनाझोलसुद्धा. संबंधांच्या दिवशी अंगदुखीची गोळी घेतली किंवा संसर्गाच्या भीतीने आधीच अँटिबायोटिक घेतलं, की दोष संबंधांवर जातो. यातलीच क्रूर गोष्ट अशी, की डाग बुरशीचा समजून फ्लुकोनाझोल दिलं जातं आणि त्यानेच डाग भडकतो. या रुग्णाचा त्रास पसरट होता, एका जागचा नव्हता, आणि तो गोळ्या घेत नव्हता.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. पांढुरकी, कातडी आवळणारी जागा लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या जुनाट आजाराची असू शकते. तिथे कातडी हळूहळू मागे जाईनाशी होते आणि पुढे मूत्रमार्गही अरुंद होतो, म्हणून उपचार लवकर व्हावेत. चार आठवडे उलटूनही न भरणारी लाल, मखमली किंवा जाड जागा असेल, तर तुकडा तपासल्याशिवाय मलमं देत राहू नये, कारण कर्करोगाच्या आधीची अवस्था अशीच दिसते. आणि मागे घेतलेली कातडी पुढे येत नसेल, टोक सुजत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

उपचार, आणि उपचारापलीकडचं

उपचार सोपा होता. स्प्रे बंद, आणखी दहा दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, पाणी, व्हॅसलिन. व्हॅसलिन किंवा कुठलंही तेल लॅटेक्स कंडोमला काही मिनिटांत कमकुवत करतं आणि तो फाटू शकतो, म्हणून ते संबंधांच्या आधी नको हे मी दोनदा सांगितलं. वंगण हवं असेल तर सुगंध, चव, 'गरम' किंवा 'थंड' परिणाम नसलेलं पाण्याचं किंवा सिलिकोनचं. पाण्याच्या वंगणांतही फार घट्ट, ग्लिसरीन जास्त असलेली वंगणं नाजूक कातडीतलं पाणी ओढून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली दिलेल्या मार्गदर्शनात वंगणाची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) शक्यतो ३८० च्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत १२०० च्या आत ठेवायला सांगितलं आहे. पाकिटावर हा आकडा क्वचितच असतो, म्हणून किमान साधं वंगण निवडावं. नवीन काहीही वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहायचं. लाली आली नाही तरच पुढे जायचं आणि एका वेळी एकच नवी गोष्ट.

अवघड भाग वेगळा होता. स्प्रे काढून घेतला म्हणजे शीघ्रपतन गेलं नाही. नुसतं 'वापरू नका' म्हणून पाठवलं असतं, तर तो महिन्याभरात दुसरी बाटली आणता, आणि तीही लपवून. त्यावर उपचार आहेत : थांबून-थांबून पुढे जाण्याचा सराव, डापॉक्सेटिनसारखी गोळी, आणि बधिर करणारं मलमच हवं असेल तर लिग्नोकेनचं. लिग्नोकेन वेगळ्या रासायनिक कुळातलं आहे, बेंझोकेनची ॲलर्जी त्याला सहसा लागू होत नाही. तरीही त्याच्या बाबतीत ते मी आधी पाठीवर तपासून घेतलं, आणि कातडी पूर्ण भरेपर्यंत थांबवलं. लैंगिक समस्यांवर काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे त्याला पाठवलं, दोघांना बरोबर.

दोघांना बरोबर पाठवायचं, तर तिला कळायला हवं होतं. "तुम्ही सांगा ना," तो म्हणाला. मी नकार दिला, पण तो बोलेल तेव्हा खोलीत बसायला तयार झालो. त्याने सांगितलं तेव्हा वाक्यं तुटक होती. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "एवढंच होतं? मला वाटलं माझ्याजवळ यायचीच तुम्हाला इच्छा राहिली नाही." पाच महिने दोघांनी एकाच लालीचे दोन वेगळे अर्थ लावले होते, आणि दोन्ही चूक होते.

चार महिन्यांनी तो पुन्हा आला, या वेळी दार उघडंच ठेवून. कातडी स्वच्छ होती. मधल्या काळात एकदाही तिसऱ्या दिवशीची आग नव्हती. त्याला दाढ काढायची होती आणि दातांचं इंजेक्शन चालेल का, हे विचारायचं होतं. मी त्याला खिशात ठेवायला एक कार्ड लिहून दिलं : बेंझोकेन नको, स्प्रे, कंडोम, तोंडात लावायचं जेल आणि घशाच्या चघळायच्या गोळ्या यांत पाहावं. केसांचा काळा रंग नको. बेंझोकेनच्याच कुळातली प्रोकेन, टेट्राकेन टाळावीत. लिग्नोकेन चालेल, तपासलेलं आहे. त्याने कार्ड वाचलं, दुसऱ्या बाजूला उलटून पाहिलं आणि म्हणाला, "आणखी एक द्या. एक तिच्या पर्समध्ये ठेवतो."